बोर्डाच्या काठावरच्या रिकाम्या पिना

आपल्या लॅबमधला कुठलाही मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड हातात घ्या आणि जरा नीट बघा. मधोमध काळी चिप. एका कोपऱ्यात यूएसबीचं किंवा सीरियल पोर्टचं तोंड. आठ एलईडी, चार स्विच, वर एलसीडी. आणि दोन्ही काठांना पिनांच्या रांगा, ज्यांना आपण बर्ग स्ट्रिप म्हणतो. स्विच आणि एलसीडीच्या आजूबाजूचा भाग हात लागून लागून गुळगुळीत झालेला असतो. काठावरच्या पिनांवर मात्र धूळ! आणि गंमत अशी की ज्या भागावर धूळ असते, त्या भागासाठीच हा बोर्ड बनवलेला असतो.

इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणजे पारख करायचा बोर्ड. आपल्याकडे बैलबाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस दात मोजतो, खूर बघतो, पण तेवढ्यावर पैसे मोजून देत नाही. औताला जुंपून चार पावलं चालवून बघतो. चिप बनवणारी कंपनीसुद्धा आपल्याला हेच सांगत असते की बाबा, ही चिप तुमच्या कामाला जुंपून बघा. जुंपायची जागा म्हणजे त्या काठावरच्या पिना. तापमानाचा सेन्सर तिथे लागतो, ओलाव्याचा तिथे लागतो, ब्लूटूथ, वायफाय, लोरा यांची मॉड्यूल्स तिथेच बसतात. आपण काय करतो? एलईडी लुकलुकवतो, एलसीडीवर स्वतःचं नाव आणतो, जर्नलला सही घेतो आणि मेसची वेळ झाली म्हणून पळतो. म्हणजे चार वर्षं बैलाचे दातच मोजत बसलो की!

कोणी म्हणेल, एलईडी लुकलुकणं ही पण सुरुवातच आहे. मान्य. पण एलईडी हे चिपने जगाला सांगणं झालं. जगाने चिपला काय सांगितलं हे कुठे आलं? आणि आपला जिल्हा कसा आहे बघा. इथे जगाकडून येणाऱ्या आकड्यावर माणसांचं पोट अवलंबून आहे. पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती, धरणात किती टक्के, हे आकडे आपल्या घराघरात रोज बोलले जातात. ते आकडे मोजणारं यंत्र आतून कसं चालतं हे मात्र इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगता येत नाही. मला हे खटकतं, आणि म्हणून हा लेख.

पावसाचंच घेऊ. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात २०१७ पासून स्कायमेट या कंपनीने महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत मंडळनिहाय पावसाचे आकडे अशा केंद्रांवरून येऊ लागले. एका मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात, आणि पंचनामे, मदत ही पुढची गाडी त्या आकड्यावरून हलते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या घरी पाऊस उघडला की पहिला प्रश्न पिकाचा नसतो. चुलते विचारतात, "मंडळात किती धरला?" धरला! म्हणजे पडला किती हा प्रश्न वेगळा, आणि यंत्राने धरला किती हा वेगळा. ज्यांनी कधी मायक्रोकंट्रोलर हे नाव ऐकलं नाही त्यांना हा फरक कळतो.

आता हे पाऊस धरणारं यंत्र असतं तरी काय? वर एक गाळणीसारखं नरसाळं. खाली शिवारातल्या तराजूसारखी दोन पारड्यांची छोटी डोलणारी बादली. एक पारडं भरलं की कलंडतं, दुसरं समोर येतं. कलंडताना बादलीवरचं लोहचुंबक एका रीड स्विचसमोरून जातं आणि स्विच क्षणभर जोडला जातो. झालं! सगळं यंत्र म्हणजे शेवटी एक स्विच. बोर्डाच्या एका पिनेवर, इंटरप्टवर, एक ठोका येतो. एका ठोक्याला ०.२ मिलिमीटर पाऊस धरायचा असेल आणि नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर एका पारड्यात सुमारे ६.३ मिलिलिटर पाणी बसलं पाहिजे. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ ठोके. ३२४ ठोके पडले तर आकडा ६४.८. म्हणजे रेषेच्या अलीकडे राहायला एक ठोका पुरतो!

आणि हा ठोका बिघडायला कारणं कितीतरी. स्विच जोडला जाताना एकदाच जोडला जात नाही, क्षणाच्या काही हजाराव्या भागात चार-पाचदा थरथरतो. ते प्रोग्रॅममध्ये किंवा रेझिस्टर-कपॅसिटर लावून दाबलं नाही तर एका ठोक्याचे तीन मोजले जातात. उलट नरसाळ्यात बाभळीचा पाला अडकला, धूळ बसून त्याचा चिखल झाला, की पाऊस पडूनही ठोका नाही. मुसळधार पावसात बादली कलंडत असताना पडणारं पाणी नीट धरलं जात नाही, म्हणून असं यंत्र जोराच्या पावसात कमी मोजतं. म्हणजे ज्या दिवशी आकड्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तो कमी येण्याची शक्यता जास्त. यासाठी दुरुस्ती करतात, पण ती करायला यंत्र पाणी ओतून तपासावं लागतं. तपासणी अगदी सोपी आहे. एक लिटर पाणी सलाईनच्या नळीतून सावकाश नरसाळ्यात सोडा. वर सांगितलेल्या मापाच्या यंत्रात १५९ च्या आसपास ठोके पडले पाहिजेत. १४० पडले तर कुठेतरी घोटाळा आहे. बोर्ड, एक पिन, सलाईनची नळी. यात कुठलं रॉकेट सायन्स आहे सांगा बरं?

एवढ्यावरून मला जे म्हणायचंय ते असं. बोर्डाच्या काठावरची प्रत्येक पिन ही अशीच एक गोष्ट आहे, आणि प्रत्येकीची फसवण्याची तऱ्हा वेगळी आहे. ती तऱ्हा पुस्तकात वाचून कळत नाही, जोडूनच कळते.

अ‍ॅनालॉग पिना घ्या. आपला लाडका एलएम-३५. दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. मे महिन्यातल्या ४२ अंशांना ०.४२ व्होल्ट. १० बिटचा एडीसी ५ व्होल्टवर चालत असेल तर एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्ध्या अंशाची. म्हणजे तुमच्या एलसीडीवर ४२.३७ असं दोन दशांशांपर्यंत आलं तर पुढचे आकडे शोभेचे आहेत! त्यात बोर्ड मोबाईलच्या चार्जरवर लावलात आणि ५ ऐवजी ४.७ व्होल्टच आले, तर प्रोग्रॅम ५ धरूनच गणित करतो आणि ४२ चे ४४.७ होतात. उपाय आहे. अर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा आतला संदर्भ आहे, तो निवडला की पायरी एक मिलिव्होल्टच्या आसपास येते आणि चार्जरच्या लहरीचाही संबंध उरत नाही. आणखी एक. एलएम-३५ ला चालायला किमान ४ व्होल्ट लागतात. हल्लीचे बहुतेक बोर्ड ३.३ व्होल्टचे. त्यांच्या ३.३ च्या पिनेवर तो लावला की तो बंद पडत नाही, काहीतरी आकडा देत राहतो. बंद पडलेलं यंत्र परवडलं, खोटं बोलणारं नको.

मग बस. आयटूसी ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली, ती एका बोर्डावरच्या चिप्सनी आपसात बोलावं म्हणून. दोन तारा, त्यावर अनेक सेन्सर, प्रत्येकाला आपला पत्ता. हॉस्टेलमध्ये जसा रूम नंबर. आता एकाच कंपनीचे एकाच पत्त्याचे दोन सेन्सर लावले तर दोघेही एकदम "हजर" म्हणणार. आणि तार लांबली की काम बिघडलं, कारण सगळ्या तारेची मिळून कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते. म्हणजे आयटूसी सेन्सर टेबलावर उत्तम, पण विहिरीवरून घरापर्यंत ही तार ओढायची नाही. लांब न्यायचं तर डीएस-१८बी-२० सारखा वन-वायरवाला बरा, ज्याच्या प्रत्येक नगाला कारखान्यातूनच ६४ बिटांचा वेगळा क्रमांक मिळालेला असतो. त्याहून लांब तर आरएस-४८५, ते १२०० मीटरपर्यंत जातं. किंवा कारखान्यांत चालते ती ४ ते २० मिलिअँपिअरची जोडणी. त्यातली मेख मला फार आवडते. शून्य मापाला ० नाही, ४ मिलिअँपिअर. का? तार तुटली, उंदराने कुरतडली, तर प्रवाह खरोखर ० होतो आणि आपल्याला कळतं की टाकी रिकामी नाही, तार तुटलीय. ज्याने हे ठरवलं त्याने नक्की शेतात काम केलेलं असणार!

विहिरीचं पाणी मोजायचा प्रोजेक्ट तर दरवर्षी कोणीतरी घेतोच. अल्ट्रासॉनिक सेन्सर आणतात, एचसी-एसआर-०४. त्याचा पल्ला साधारण चार मीटर. आता बालाघाटावरच्या कुठल्या विहिरीचं पाणी मार्चमध्ये काठापासून चार मीटरवर असतं हो? शिवाय त्याच्या एको पिनेवर ५ व्होल्ट येतात, ते ३.३ च्या चिपला थेट दिले की चिपवर अत्याचार. दोन रेझिस्टर मध्ये लावावे लागतात. आणि आवाजाचा वेग सगळीकडे ३४३ धरलेला असतो, तो २० अंशांना. ४२ अंशांना तो सुमारे ३५७ होतो. तीन मीटरवर बारा सेंटिमीटरचा फरक पडला की! विहिरीला तळाशी सोडायचा दाबमापक सेन्सर लागतो आणि तो बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा येतो. म्हणजे पुन्हा प्रश्न तोच, आपल्या बोर्डावर तो कुठे आणि कसा जोडायचा? एक २५० ओहमचा रेझिस्टर लावला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. ३.३ च्या बोर्डाला १५० ओहम लावा, ०.६ ते ३ व्होल्ट. बास. पण हे करून बघितलेला पोरगा आपल्यात शोधून सापडत नाही.

आता बिनतारीबद्दल बोलतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे. हल्ली प्रोजेक्टच्या नावात आयओटी नसेल तर प्रोजेक्ट प्रोजेक्टच वाटत नाही. आयओटी बेस्ड हे, आयओटी बेस्ड ते. मोबाईलवर रंगीत ग्राफ हलतो, एक्स्टर्नल खूश. तो ग्राफ ज्या सेन्सरवरून येतो त्याचं माप कशाशी ताडून पाहिलं, असं कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की चुकीचा आकडा बिनतारी पाठवला तर तो फक्त लवकर पोचतो, बरोबर होत नाही. आधी तार, मग बिनतारी. सेन्सर सात दिवस तारेवर खरं बोलला, तरच त्याला रेडिओ द्यावा.

आणि रेडिओ जोडणं म्हणजे चार पिना खुपसणं नव्हे. उनो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून घ्यायची मर्यादा अधिकृतपणे ५० मिलिअँपिअर आहे. ईएसपी-८२६६ हे वायफाय मॉड्यूल पाठवताना १७० च्या आसपास ओढतं. म्हणून ते मधेच रीसेट होतं आणि आपण दिवसभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. सिम-९०० सारखं जीएसएम मॉड्यूल तर क्षणभर २ अँपिअर मागतं. त्याला वेगळी सप्लाय आणि जवळ मोठा कपॅसिटर पाहिजेच. शिवाय ते २जी वर चालतं. जिओचं नेटवर्क ४जी पासून सुरू झालेलं, तिथे ते चालणारच नाही. गावात कुठल्या कंपनीची रेंज आहे हे आधी विचारायला नको का? वायफाय आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर. ओल्या हिरव्या पानांतून त्या लहरी लवकर मरतात. जूनमध्ये मोकळ्या रानात शंभर मीटर गेलेली रेंज ऑक्टोबरात डोक्याइतक्या कपाशीतून किंवा उसातून तेवढी जाईल असं धरून चालू नका.

लांबच्या कामाला लोरा बरा पडतो. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. पण नेटवरून मागवताना अमेरिकेचं ९१५ चं मॉड्यूल स्वस्त दिसतं म्हणून घेतलंत, तर तो पट्टा आपल्याकडे परवानामुक्त नाही. लोराचा वेग फार कमी, फोटो-बिटो विसरा. पण पावसाचे ३२५ ठोके दोन बाइटमध्ये मावतात! त्याला वेग कशाला पाहिजे? बॅटरी पुरली पाहिजे एवढंच. इथेही बोर्ड बघावा लागतो. एमएसपी-४३० सारखी चिप झोपली की एखाद्या मायक्रोअँपिअरवर राहते, रीड स्विचचा ठोका आला की जागी होते. पण बोर्डावरचा पॉवरचा एलईडी जर २ मिलिअँपिअर खात असेल, तर २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी तो एकटाच सहा आठवड्यांत संपवतो. जूनमध्ये लावलेलं यंत्र जुलैत गार! चांगल्या बोर्डावर असे भाग तोडायला जंपर दिलेले असतात. ते कशासाठी आहेत हे आपण कधी विचारलंय का?

हे काही आकाशातून पडलेलं नवं तंत्र नाही. आयआयटी मुंबईच्या लोकांनी २००० च्या दशकातच नाशिकच्या सुला द्राक्षबागेत अ‍ॅग्रिसेन्स नावाचं बिनतारी सेन्सरांचं जाळं लावलं होतं. त्याच काळात अमेरिकेत बर्कलेतून निघालेल्या मायका नावाच्या काडेपेटीच्या जातीच्या बोर्डांना ५१ पिनांचं कनेक्टर होतं, सेन्सरचा बोर्ड वर चढवायला. इटलीतल्या इव्रेयात २००५ मध्ये अर्डुइनो निघाला आणि त्याच्या काठावरच्या पिना जगाचं माप होऊन बसल्या. गंमत सांगतो. त्याच्या ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतर ०.१६ इंच आहे, बाकी सगळ्या ०.१ इंचावर. आखणीतली गफलत. पण लोकांनी त्या मापाची शील्ड बनवून टाकली होती, म्हणून ती गफलत आजही जपली जाते. २०१४ मध्ये एसटी कंपनीने न्यूक्लिओ बोर्ड काढले तेव्हा दुसऱ्याच्या बोर्डाच्या त्याच पिना, त्याच वाकड्या अंतरासकट, आपल्या बोर्डावर घेतल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१० मध्ये लाँचपॅड ४.३० डॉलरला विकला, त्यावर चढायला बूस्टरपॅक. मिक्रोइलेक्ट्रॉनिकाने मिक्रोबस नावाचं सोळा पिनांचं माप काढलं, त्यात अ‍ॅनालॉग, एसपीआय, आयटूसी, युआर्ट, इंटरप्ट, दोन्ही व्होल्टेज सगळं एका सॉकेटात. एवढ्या मोठ्या कंपन्या चिपच्या वेगाइतकंच डोकं या पिनांवर का चालवतात? कारण त्यांना कळलंय की गिऱ्हाईक चिपशी नाही, काठाशी जोडलं जातं. आणि आपण बोर्ड घेताना विचारतो, "किती मेगाहर्ट्झचा आहे?" पाऊस मोजायला किती मेगाहर्ट्झ लागतात?

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. सरांचं आणि लॅब असिस्टंट मामांचं म्हणणं असतं की पोरांना बाहेरची जोडणी करू दिली की बोर्ड जळतो. खोटं नाही. जळतो. आणि जळालेला बोर्ड डेड स्टॉक रजिस्टरला असतो, तो कमी कसा करायचा, लिहून कोण देणार, वर्षअखेरच्या तपासणीला उत्तर कोण देणार? एका लॅबला चार बॅचेस, मोजके बोर्ड, आणि असिस्टंट एक. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कपाटाला कुलूपच लावलं असतं. म्हणून दोष माणसांचा नाही, व्यवस्थेचा आहे असं मला वाटतं. पूर्वीचा ८०५१ चा ट्रेनर किट हजारो रुपयांचा होता, तेव्हा तो जपणं बरोबरच होतं. आज काही शे रुपयांत बोर्ड येतो. मग त्याला खडू-डस्टरसारखा वापरून संपणारा माल का समजू नये? सोल्डरची तार रजिस्टरवरून कमी होतेच ना?

दुसरं म्हणणं पोरांचं. परीक्षेत हे विचारत नाहीत, आणि नोकरी शेवटी पुण्यात सॉफ्टवेअरमध्येच करायची आहे. त्यांना मी एवढंच विचारतो, सॉफ्टवेअरमध्ये जो आकडा येतो तो येतो कुठून? ज्याने एकदा तरी ३.३ आणि ५ च्या भांडणात वाचन चुकलेलं पाहिलंय, तो आयुष्यभर समोरच्या आकड्याकडे जरा संशयाने बघतो. ती सवय पगाराच्या पाकिटात दिसत नसली तरी कामात दिसते.

तिसरं म्हणणं, तयार मिळतं तर बनवायचं कशाला? तयार यंत्र जरूर घ्यावं. पण ते बिघडल्यावर? केंद्र सरकारने २०२३ मध्ये विंड्स नावाची योजना आणली, तिचा हेतू ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक आणि तालुक्याच्या पातळीवर हवामान केंद्रं बसवण्याचा आहे. आपल्या जिल्ह्यात ग्रामपंचायती हजाराच्या आसपास आहेत. तेवढी यंत्रं रानात उभी राहिली तर त्यांची नरसाळी कोण साफ करणार, ठोके कोण तपासणार, बॅटरी आणि अँटेना कोण बघणार? दर वेळी पुण्याहून माणूस येणार आणि तोवर शिरूर कासारच्या शेतकऱ्याचा पाऊस "धरला नाही" म्हणून जाणार? हे काम आपलं आहे. बदली-बढतीच्या नोकरीचं नसेल, पण आपलं आहे. इथल्या पोरांना काम नाही म्हणून गावंच्या गावं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, आणि इथलं यंत्र दुरुस्त करायला माणूस बाहेरून येतो, हे कुठंतरी जुळत नाही.

नुसती तक्रार करून लेख संपवू नये, म्हणून काय करता येईल ते सांगतो. कॉलेजला पैसे फार लागणार नाहीत.

एक, ठरावीक किमतीच्या खालचे बोर्ड आणि सेन्सर डेड स्टॉकला न घेता वापरून संपणाऱ्या सामानात घ्यावेत. सत्राला किती जळाले याची एक वही ठेवावी, आणि त्यात का जळाला हे ज्याने जाळला त्यानेच लिहावं. नाव लिहायची सक्ती नको. पुढच्या बॅचला ती वही मॅन्युअलपेक्षा उपयोगी पडेल.

दोन, प्रत्येक बोर्डाच्या पेटीवर पिनांचा तक्ता चिकटवावा. कुठली पिन किती व्होल्ट सोसते आणि किती मिलिअँपिअर देते, ठळक अक्षरांत. आणि पहिल्या प्रॅक्टिकलला एलईडीऐवजी मल्टिमीटरने त्या पिनाच मोजायला लावाव्यात.

तीन, एक तरी प्रॅक्टिकल असं असावं की जर्नलच्या शेवटी नेहमीचं "रिझल्ट व्हेरिफाइड" लिहायचं नाही. आपला सेन्सर पाऱ्याच्या थर्मामीटरपेक्षा किती चुकला आणि का, हे लिहायचं. चूक जास्त निघाली म्हणून मार्क कापायचे नाहीत, कारण सांगता आलं नाही तर कापायचे.

चार, प्रोजेक्टच्या नावात आयओटी हा शब्द हवा असेल तर आधी सात दिवसांची तारेवरची वाचनं हाताने वहीत लिहून दाखवावीत. ही अट घातली की बाहेरून विकत आणलेले निम्मे प्रोजेक्ट आपोआप गळतील. ज्यांना राग यायचा त्यांना येवो!

पाच, आणि हे आम्ही हॉस्टेलची पोरं करू शकतो. मैदानावर मोकळ्या जागी, जवळच्या इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडून, एक साधा नरसाळ्या-बाटलीचा पर्जन्यमापक आणि त्याच्या शेजारी आपण बनवलेला ठोक्यांचा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं घेतं त्याच वेळेला, दोघांची नोंद. मंडळाचा आकडा तिसऱ्या रकान्यात. तिन्ही रकाने मेसच्या नोटीस बोर्डावर लावायचे. कुठला आकडा खरा यावर जेवताना भांडणं होऊ देत. असलं भांडण आपल्या कॉलेजात आजवर झालेलं नाही, व्हायला पाहिजे.

रीड स्विच, नरसाळं, बोर्ड आणि एक सलाईनची नळी एवढंच सामान आहे. बोर्ड कपाटात आहेत, किल्ली सरांकडे आहे. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्याच्या आत ज्यांना यात यायचंय त्यांनी आपली नावं द्यावीत, कुठल्याही ब्रँचची चालतील. सिव्हिलवाल्यांना तर आग्रहाचं निमंत्रण, जागा निवडायला आणि नरसाळं समपातळीत बसवायला तुम्हीच लागणार आहात.